खंडाने आणखी एक तुकडा घ्यावा की नाही

दापोली तालुक्यातील आमच्या घरामागे सहा गुंठ्यांचे परसू आहे. शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते मीच सांभाळते. एप्रिल २०२४ मध्ये वाडीतल्याच एका कुटुंबाने त्यांची बरीच वर्षे पडीक असलेली जमीन खंडाने कसायला घेता का, असे विचारले. होकार की नकार हे ठरायला नोव्हेंबर उजाडला. जमीन विकत घेताना काय पाहावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण खंडाने घेताना काय पाहावे हे विचारले की 'तोंडी बोलून टाका, त्यात काय एवढे' असेच बहुतेक जण म्हणतात. हा अनुभव म्हणूनच तपशिलाने लिहीत आहे.

जमीन दोन गटांत होती. खालचा गट म्हणजे व्हाळाला (ओढ्याला) लागून असलेला भाताचा कुणगा (खाचर), सातबाऱ्यावर १४ आर. वरचा गट पाणंद ओलांडून, वरकस म्हणजे हलक्या मातीचा, एकूण २२ आर, आणि त्यातले ८ आर पोटखराबा, म्हणजे उघडा कातळ. आर आणि गुंठा जवळपास सारखेच धरले तरी चालते, कारण १०० चौरस मीटरचा आर आणि १०१ चौरस मीटरचा गुंठा यांत फरक नगण्य आहे. दोन्ही गट मिळून वर्षाला आठ हजार रुपये खंड, आणि घ्यायचे तर दोन्ही घ्यायचे, एकटा खालचा देणार नाही, अशी त्यांची पहिली अट होती. मला मोह पडला तो खालच्या कुणग्याचा. परसवात नारळी-पोफळीची सावली वाढल्यामुळे ऊन मागणारी भाजी हल्ली नीट होत नाही, आणि समोर चौदा गुंठे सपाट, उघडी जमीन दिसत होती.

घरी सर्वांचा पहिला प्रश्न एकच होता: आहे त्या सहा गुंठ्यांतले जुलैमध्ये रान किती माजते ते आठवते ना? प्रश्न रास्त होता. बेणणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर आमच्याकडे बाईची मजुरी साडेतीनशे आणि गड्याची पाचशेच्या पुढे आहे. म्हणून मी तेव्हाच स्वतःशी ठरवले की पावसाळी पीक या जमिनीत घ्यायचेच नाही. विचार करायचा तो भातकापणीनंतरच्या काळाचा. या एका निर्णयाने पुढचे बरेचसे गणित सोपे झाले.

शेजारच्या बांधावरच्या आजोबांनी मला एकच गोष्ट सांगितली. "बाय, पावसाळ्यात सगळ्याच जमिनी बऱ्या दिसतात. बघायचं तर मे महिन्यात बाव बघ." खालच्या गटात चिऱ्याने बांधलेली जुनी बाव, म्हणजे विहीर, आहे आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात शेजाऱ्याचा तिच्यात निम्मा हिस्सा लिहिलेला आहे. (हा रकाना बरेच जण वाचतच नाहीत. नाव आणि क्षेत्र पाहिले की उतारा घडी करून ठेवतात. खरी गोष्ट त्या रकान्यातच असते.)

मेच्या मध्यावर आम्ही बावीचे पाणी मोजले. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दोरी सोडली. भिजलेला भाग साधारण सव्वा मीटरचा निघाला. बावीचा व्यास तीन मीटर, म्हणजे आत साडेआठ हजार लिटरांच्या आसपास पाणी. पण साठलेले पाणी किती आहे यापेक्षा उपसल्यावर झरे किती भरतात हे महत्त्वाचे. संध्याकाळी शेजाऱ्याला सांगून पंप लावला आणि तळ दिसेपर्यंत पाणी त्यांच्या नारळांना सोडले. तळाशी गेल्यावर बावीच्या उत्तरेच्या बाजूला चिऱ्याच्या सांध्यातून बोटभर धार येताना दिसली. दुसरा झरा कोरडा होता, त्याच्या तोंडाशी फक्त ओल होती. सकाळी पुन्हा दोरी सोडली तर साठ सेंटिमीटर पाणी चढले होते, म्हणजे सव्वाचार हजार लिटरांच्या आत-बाहेर. त्यात निम्मा हिस्सा शेजाऱ्याचा. उरले एकवीसशे लिटर.

उन्हाळ्यात भाजीला दर चौरस मीटरला दिवसाकाठी पाच लिटर पाणी धरले, तर एका गुंठ्याला पाचशे लिटर लागतात. एकवीसशे लिटरांत चार गुंठे भागतात. छत्तीस गुंठ्यांचा खंड भरून मे महिन्यात चार गुंठे हिरवे ठेवायचे, असा तो व्यवहार होता. हा हिशेब वहीच्या एका पानावर मावला, पण तो केल्यावर उन्हाळी भाजीचा विचार मी सोडून दिला. ज्यांना अशी जमीन पाहायची आहे त्यांनी निदान ही दोरीची चाचणी करावी. खर्च काही नाही, फक्त बावीतला दुसरा हिस्सेदार चांगल्या मनाचा हवा.

त्याच सुमारास माती आणि पाणी तपासायला दिले. मातीचा नमुना पाऊस पडण्यापूर्वी, पीक उभे नसताना घेणे बरे. शेतात नागमोडी फिरत सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत तासून घ्यायची, सगळी घमेल्यात एकत्र करायची, ढीग चौकोनी पसरून चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. बांधाजवळची, झाडाखालची आणि शेणखताच्या ढिगाजवळची माती घ्यायची नाही. दोन्ही गटांचे नमुने वेगळ्या पिशव्यांत, सावलीत वाळवून, गट क्रमांकाची चिठ्ठी घालून कृषी सहायकांमार्फत पाठवले.

अहवाल जूनच्या अखेरीस आला. खालच्या गटाचा सामू (पीएच) ५.६, सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) कमी. आमच्या जांभ्या मातीचे हे नेहमीचेच रूप आहे. तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे घातलेले खतही पिकाला पुरते मिळत नाही. यात घाबरण्यासारखे काही नव्हते. पाण्याच्या अहवालाने मात्र विचार करायला लावले. विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे माप, १.६ आली. खाडी या बावीपासून फार लांब नाही, आणि मे महिन्यात गोड्या पाण्याचा दाब कमी झाला की खारेपणा वर सरकतो. चव घेऊन ते कळत नाही, निदान मला कळले नव्हते. नारळाला एवढ्याने काही होत नाही, पण फरसबी, मुळा अशा पिकांना ते सोसत नाही. भातकापणीनंतर हेच पाणी बरेच गोडे असते, म्हणून फेब्रुवारीअखेर आटोपणारे पीक घेतले तर अडचण नाही, असे कृषी सहायकांचेही मत पडले.

आता कागदांकडे येते. सातबारा आणि आठ-अ हे दोन्ही उतारे डिजिटल स्वाक्षरीसह महाभूमीच्या संकेतस्थळावरून प्रत्येकी पंधरा रुपयांत मिळतात, त्यासाठी कुठे जावे लागत नाही. पण उताऱ्यावर लिहिलेल्या फेरफार (हक्कबदलाच्या नोंदींच्या) क्रमांकांमागची कहाणी जाणून घ्यायची असेल, विशेषतः जुन्या, हाताने लिहिलेल्या नोंदींची, तर सजावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, जावेच लागते. माझा मुहूर्त त्या बाबतीत वाईट निघाला. आमच्याकडे लोकसभेचे मतदान ७ मे रोजी होते आणि त्यापूर्वीचे अनेक दिवस महसूल कर्मचारी निवडणुकीच्या कामात होते. जूनमध्ये आचारसंहिता उठली, तोवर जुलैच्या आरंभी लाडकी बहीण योजना आली आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बायकांच्या रांगा लागल्या. त्या रांगेत उभी राहून जुने फेरफार मागणे मलाच अवघड वाटले. ते काम मी ऑगस्टवर टाकले. घाई नसेल तर शासनाच्या मोठ्या योजनेच्या पहिल्या पंधरवड्यात तलाठ्याकडे जाऊ नये, हे ज्याने त्याने पाळावे.

फेरफार पाहिल्यावर दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली, खालच्या गटावरच्या सहा नावांपैकी दोघे मयत होते आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेलीच नव्हती. कोकणात हे घरोघरी आहे. माणसे मुंबईला, बडोद्याला, जमीन सामाईक, आणि उताऱ्यावर आजोबा-पणजोबा अजून हयात. मला जमीन देऊ करणारे काका उताऱ्यावरच्या सहांपैकी एक होते, आणि त्यांच्या एकट्याच्या शब्दावर मी कुणग्यात पाऊल टाकले असते तर उद्या कोणीही चुलता येऊन 'कोणाला विचारून?' असे म्हणू शकला असता.

दुसरी गोष्ट वरच्या गटाची. तिथे इतर हक्कात 'कुळकायदा कलम ४३' असा शेरा होता. मूळ घराणे त्या जमिनीचे कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, होते आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर रीतसर किंमत भरून मालक झाले. अशी जमीन विकायलाच नव्हे, तर गहाण टाकायला, बक्षीस द्यायला किंवा पट्ट्याने द्यायलाही या कलमाप्रमाणे परवानगी लागते. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि कुळाच्या खरेदीला दहा वर्षे झालेली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून, काही अटींवर, पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार करता येऊ लागला. आकार काही रुपयांतच असतो, त्यामुळे रक्कम फार होत नाही, पण ती भरायची, नोंद करून घ्यायची, आणि हे सगळे जमीनमालकाने करायचे. काकांना त्या शेऱ्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्यांच्या वडिलांनी पट्टी भरली होती आणि सनद पेटीत ठेवली होती, एवढेच त्यांना माहीत होते.

तालुक्याच्या ठिकाणी एका वकिलांना भेटले, त्यांनी दीड हजार रुपये घेतले आणि तासभर नीट समजावून सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न मला होता: तुम्ही स्वतः शेतकरी आहात का? कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, तशी पट्ट्यानेही देता येत नाही. माझे नाव वडिलोपार्जित परसवाच्या सातबाऱ्यावर लागलेले आहे, त्यामुळे माझा प्रश्न सुटला. शहरातून येऊन 'एखादा तुकडा भाड्याने घेऊन भाजी करू' असे म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की, करारात 'हे कूळ नव्हे' असे ठळक अक्षरांत लिहिले तरी कायदा प्रत्यक्ष कसणूक पाहतो. कसणारा उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ही जमीनमालकाला वाटणारी भीती म्हणूनच निराधार नसते, आणि घेणाऱ्याने ती हसण्यावारी नेऊ नये.

ती भीती गणपतीत समोर आली. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि गौरी-गणपतीचे विसर्जन १२ ला. सगळे हिस्सेदार गावात एकत्र भेटतात ते याच दिवसांत, म्हणून १३ तारखेला सकाळी, चाकरमानी परतीच्या गाड्या पकडण्यापूर्वी, काकांच्या पडवीत बसायचे ठरले. आरत्यांनी सर्वांचे घसे बसलेले होते, त्यामुळे बोलणे आपोआप हळू आवाजात झाले, याचा फायदाच झाला असे मला वाटते.

काकांच्या विरारच्या पुतण्याने स्पष्टच विचारले, "बाई, राग मानू नका, पण उद्या तुमची मुलं म्हणाली की आम्ही कूळ आहोत, तर आम्ही कुठे जायचं?" मी त्याला चौथीत शिकवले आहे, तरी प्रश्न विचारताना त्याने भीड ठेवली नाही, हे बरेच झाले. मी वकिलांनी सांगितले ते जसेच्या तसे सांगितले: धोका कागदाने शून्य होत नाही, तो कमी करता येतो. मग माझा प्रस्ताव मांडला. वरचा गट नको. खालचा गट फक्त रब्बीपुरता, भातकापणीनंतर ताबा घ्यायचा आणि ३१ मार्चला मोकळा करून द्यायचा. पावसाळ्यात त्यांच्या चुलतभावाने भात करावे, म्हणजे जमीन त्यांच्याच कसणुकीत राहील. पुढच्या वर्षी करायचे असेल तर पुन्हा नव्याने बसून बोलू.

काकांना दोन्ही गट एकदम जाण्याची आशा होती, ते थोडे नाराज झाले. वरच्या गटाला नकार देण्याची कारणे मी त्यांना सांगितली. शेरा हे एक. पाणी नाही हे दुसरे. जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेले दोन हापूस तिथे अजून आडवे आहेत, ते कापून हलवायचेच पाच-सहा हजार झाले असते. आणि जंगलाची कड लागूनच असल्यामुळे रानडुकरे रात्री आणि माकडे दिवसा, अशी दोन्ही पाळ्यांची राखण तिथे लागते. कुंपणाशिवाय तिथे काही पेरणे म्हणजे त्यांच्यासाठीच पेरणे. सौर कुंपणाचा खर्च दुसऱ्याच्या जमिनीवर, एका हंगामासाठी, मी करणार नव्हते. वर्षानुवर्षे तिथे राहणारे झाड लावणे त्या मातीला शोभेल, आणि ते जमिनीच्या मालकानेच लावायला हवे. काजूच्या वेंगुर्ला-७ सारख्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात थोडे पाणी दिले की पुढे ते वरकस जमिनीतही तग धरतात, आणि लागवडीला शासनाचे अनुदान आहे, हेही मी सांगितले. पुतण्याने तेवढे वहीत लिहून घेतले.

खंडाचे बोलणे फार लांबले नाही. दोन हजार रुपये आणि हंगामातली पायलीभर कडवे वाल.

त्यानंतर वारसनोंदीसाठी थांबावे लागले. ती त्यांनीच करायची होती. मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि अर्ज असे ई-हक्क प्रणालीतून भरले. तलाठ्याने फेरफार धरल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एका मयताचे नाव दाखल्यावर वेगळे आणि उताऱ्यावर वेगळे निघाल्यामुळे अर्ज एकदा परत आला, आणि त्या काळात हे सगळे सोडून द्यावे असे मला गंभीरपणे वाटले. दोन हजारांच्या खंडासाठी मी सहा घरांना कामाला लावले आहे, अशी टोचणी लागली होती. काकूंनीच मला थांबवले. "तुमच्या निमित्ताने आमचं वीस वर्षांचं काम होतंय, होऊ दे," असे त्या म्हणाल्या.

नोंद प्रमाणित झालेला नवा सातबारा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हाती आला. करारनामा १४ नोव्हेंबरला झाला. पूर्वी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होणारा असा करारनामा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून पाचशेच्या मुद्रांकावर करावा लागतो, तो खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा असता तर तो नोंदणी अधिनियमाप्रमाणे दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागला असता. आमची मुदत साडेचार महिन्यांची होती. मुंबईच्या हिस्सेदारांनी गणपतीतच संमतीपत्रांवर सह्या केलेल्या होत्या, मात्र नव्याने नाव लागलेल्या वारसांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या, त्या टपालाने आल्या.

करारात काही गोष्टी आवर्जून घातल्या. चतुःसीमा शब्दांत लिहिली, कारण व्हाळाकडचा गडगा दोन ठिकाणी ढासळलेला आहे. जुलैत मुद्दाम भर पावसात जाऊन पाहिले तेव्हा व्हाळ तिथूनच कुणग्यात शिरत होता, म्हणून गडगा बांधण्याची जबाबदारी मालकांची राहील असे नमूद केले. बावीचे पाणी एक दिवसाआड घ्यायचे, तेही सकाळी नवापूर्वी, हे शेजाऱ्याला विचारून लिहिले. बांधावरच्या दोन नारळांचे उत्पन्न मालकांचे. खोपी किंवा पक्के बांधकाम करायचे नाही. खंड बँकेतून द्यायचा आणि त्याची पावती घ्यायची.

त्या रब्बीत दहा गुंठ्यांत कुळीथ आणि वाल केले. ते भातानंतरच्या ओलीवरच येतात, त्यांना पाणी जवळपास लागत नाही. बावीजवळच्या तीन गुंठ्यांत कोकण सदाबहार चवळी आणि लाल माठ होता, बाकी पायवाट. पॉवर टिलरचे भाडे, बियाणे आणि दोन बायकांची चार दिवसांची मजुरी मिळून पाच हजारांच्या आत खर्च झाला. स्फुरदासाठी पेरणीपूर्वी शेणखतात मुरवलेले रॉक फॉस्फेट टाकले, आम्लधर्मी जमिनीत ते हळूहळू लागू पडते.

एक काम डिसेंबरात उरले होते, रब्बीच्या ई-पीक पाहणीचे. ती नोंद खातेदाराच्या नावाने होते, म्हणून काकांचा मोबाइल घेऊन आम्ही दोघेही कुणग्यात उभे राहिलो, बांधावर रेंज नव्हती म्हणून पुढे बावीपर्यंत गेलो, आणि कुळीथ व वाल त्यांच्या खात्यावर छायाचित्रासह नोंदवून घेतले. पुतण्याला त्या नोंदीची प्रत त्याच संध्याकाळी विरारला पाठवली.